लोटनची तुर्की गोळी

जर्मनच्या लढाईत लोटन बसऱ्याला गेला तो खेचरांच्या पलटणीत, आणि परत आला तो न वाकणारा डावा गुडघा घेऊन. दोंडाईच्याजवळच्या त्याच्या गावात लोकांनी विचारलं, काय झालं? तुर्काची गोळी, लोटनने ठोकून दिलं. खरं तर खेचराने लाथ घातली होती. पण समुद्र ओलांडून जायचं आणि लाथ खाऊन यायचं, हे कोणत्या तोंडाने सांगणार? लाथ तर गावातही फुकट मिळाली असती.

पहिल्या वर्षी तुर्क एकच होता. तिसऱ्या वर्षी तीन झाले, आणि त्यांतल्या एकाला लोटनने संगिनीने लोळवलंसुद्धा. आपण किती फेकतो ते त्याचं त्याला कळत होतं. पण पारावर चार डोकी जमली की जीभ ताब्यात राहायची नाही, त्याला तो तरी काय करणार!

पेन्शनच्या अर्जाला मात्र सरकारने नकार दिला. कागदावर लिहिलं होतं: खेचराची लाथ, शिपायाचा स्वतःचा हलगर्जीपणा. कागद इंग्रजीत होता म्हणून गावात अब्रू राहिली. पण अब्रूने निंदणी होत नाही. बायको भागाबाई एकटी शेतात राबायची, आणि ती संध्याकाळी घरी आली की लोटनला तिच्याकडे बघायची लाज वाटायची. म्हणून १९२२ साली त्याने अपील केलं.

धुळ्याच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या रतनलाल अर्जनवीसाने त्याला सगळं समजावून सांगितलं. तीन साहेब बसतील, त्यांतला एक डॉक्टर. गुडघा उघडा करून बघतील. विचारलं तेवढंच बोलायचं. आणि लढाईला जाण्याआधी पाय धड होता, एवढं सांगायला गावचा पाटील आणायचा.

पाटील म्हणजे मगन आबा. शब्दाचे पक्के, कोर्टकचेरीला चार हात लांब राहणारे. लोटनसाठी ते आले. कागदात लाथ लिहिली आहे हे त्यांना आधी सांगून ठेवायला हवं होतं. लोटनने वाटेत दोनदा त्यासाठी तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा पीकपाण्याचं काहीतरी बोलून मिटलं. तुर्कांना न भिणारा हा गडी खेचराचं नाव काढायला भीत होता.

सुनावणीत आबांनी गीतेवर हात ठेवून शपथ घेतली आणि पाय धड होता म्हणून सांगितलं. तेवढ्यावर काम झालं होतं. पण मधल्या साहेबाने दुभाष्याकरवी सहज विचारलं, मग तो मोडला कशाने? आबांनी खणखणीत आवाजात सांगितलं, तुर्काची गोळी. वर संगीनही सांगितली.

साहेबाने कागद उलटून पाहिला. त्याचा चेहरा बदलला. साक्षीदार पढवून आणला आहे का, असं त्याने विचारलं. आणि शपथेवर खोटं बोलणाऱ्या पाटलाची पाटीलकी राहत नाही, हेही बजावलं. आबा मान वर करून उभे राहिले. लोटनला कळून चुकलं. आपली पेन्शन गेली ती गेलीच, आता आबांची पाटीलकीही आपल्या जिभेने खाल्ली. तो टेबलाला धरून कसाबसा उठला.

"गोळी नही साहेब. माले खेचरनी लाथ मारी. आबाले खोटं मीच सांगेल शे. त्यासना काही दोस नही."

दुभाष्याने ते सांगितलं तेव्हा कारकूनही हसला. साहेबाने विचारलं, शेतकऱ्याच्या पोराला जनावराच्या मागे उभं राहू नये एवढं कळत नाही? लोटनची लाज आता संपली होती. त्याने सांगितलं, पाण्याच्या पखाली लादताना शेपटीखालून एक पट्टा घ्यावा लागतो. तो तोंडाकडून कसा आवळणार? डॉक्टर मोठ्याने हसला आणि बाकीच्या दोघांना इंग्रजीत काहीतरी म्हणाला. दोघांनी माना हलवल्या. लाथ कामावरच लागली, हलगर्जीपणा नाही, असं ठरलं. पेन्शन मंजूर झाली, आणि आबांना ताकीद देऊन सोडण्यात आलं.

बाहेर आल्यावर लोटनने आबांचे पाय धरायचा प्रयत्न केला. गुडघा वाकेना, म्हणून अर्ध्यावरच लटकला. आबांनी त्याला उभं केलं.

"नदीवर आंघोळ करताना बठ्ठासनी देखा शे तुना गुडघा," आबा म्हणाले. "खुरना वण आमले वळखू येत नही का?"

म्हणजे चार वर्षं सगळा गाव नुसता ऐकून घेत होता. लोटनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मंग आबा, तुम्हीन खोटी शपत कसाले लिधी?"

"तू सरकारले बी गोळीच सांगेल व्हई, आसं वाटनं माले. मंग गावना मानूसले मी साहेबपुढे उघडा पाडू का?"

लोटन कचेरीच्या पायरीवर ताठ पाय पसरून बसला आणि लहान मुलासारखा रडला. आबा शेजारी उभे राहून त्याचं रडणं संपायची वाट बघत होते.