राणीच्या बागेचे पाहुणे

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीतले एक शेजारी रोज सकाळी स्टेशनच्या पुलाजवळ उभे असतात. बॅग घेतलेलं कोणी गोंधळलेलं दिसलं, की ते पत्ता सांगत बसत नाहीत. बॅग उचलून चालू लागतात. मराठी पाहुण्याशी ते हिंदीत बोलतात आणि हिंदी पाहुण्याशी मराठीत. "परगावी आल्यासारखं वाटायला नको?" असं त्यांचं म्हणणं.

माझ्या पत्नीच्या तेराव्याला ते म्हणाले, "भाऊ, तुमची माणसं मी आणतो." मेहुणी बिचारी एकटीच विचारत विचारत आली. शेजाऱ्यांनी आणलं ते राणीची बाग शोधणारं जयपूरचं जोडपं. दोघं चपला काढून फोटोसमोर हात जोडून बसली.

"अहो, हे आपले नव्हेत," मी कुजबुजलो.

"आता आलेत ना? जेवू द्या. बाग काय पळून जातेय?"

जेवताना त्या बाईंनी फोटोकडे बघत विचारलं, "दीदी बहुत हँसती थीं क्या?"

तेरा दिवसांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगू लागलो. शेजारी वाक्यावाक्याला त्यांना ते मराठीत समजावत होते. बाग बंद व्हायची वेळ झाली, तरी कोणी उठलं नाही.