शेवटच्या पंगतीतले यादोराव

यादोराव मास्तर शाळेतून रिटायर झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांची बायको गेली. मूलबाळ नव्हतं. आमच्या कारधा गावात रोज त्यांच्या दारात जाणारा माणूस म्हणजे मी, दवाखान्यातला कंपाउंडर. सकाळी आठला इन्सुलिनची सुई टोचायची आणि सांगायचं, "अर्ध्या तासात जेवा." ते मान हलवायचे. मास्तर लोकांना सांगायची सवय असते, ऐकायची नसते.

गावात लग्न निघालं की मात्र म्हातारा हरखून जायचा. भात वाढावा तर मास्तरांनीच. पत्रावळीवर एक शीत इकडचं तिकडे नाही. वर्षभर ज्यांना कुणी विचारत नसे, त्यांना त्या दिवशी सगळा मांडव हाका मारायचा, "मास्तर, इकडे भात आना." आणि आपल्याकडे वाढपी सगळ्यांच्या शेवटी जेवतो. आधी घास घेतला तर लोक नावं ठेवतात.

१९८१ च्या वैशाखात गावातल्या खुशालच्या मुलीचं लग्न होतं. सकाळी आठची सुई मीच टोचली. लग्नघरी जेवायचं म्हणून मास्तरांनी चूल पेटवली नाही. तुमसरहून वरात उशिरा आली, पंगती दुपारी दोनला बसल्या. तीन पंगती त्यांनी उपाशीपोटी वाढल्या. चौथीत हात थरथरला, भात पाहुण्याच्या मांडीवर पडला. घामानं निथळत ते भलतंच बरळू लागले.

"मास्तरनं आज मोहाची घेतली वाटते," खुशाल म्हणाला. दोघांनी त्यांना उचलून मांडवामागं खाटेवर टाकलं. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. बायको असती तर तिनं घाम बघूनच साखर उतरल्याचं ओळखलं असतं.

मी हात धुवायला मागं गेलो म्हणून दिसले. नाडी धरली. दोन ठोके घाईचे, मग एक गाळलेला, मग नुसता गोंधळ. धावत जाऊन ग्लुकोज आणलं, शिरेत दिलं. पाच-सात मिनिटांनी डोळे उघडले, पण नाडी लवकर ताळ्यावर येईना.

नदीचा पूल ओलांडून भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, "साखर इतकी तळाला गेली की हृदयाचे ठोके बिघडतात. पुन्हा असं झालं तर हृदय थांबूही शकतं."

मी गावभर सांगत सुटलो, मास्तरांना पहिल्या पंगतीत बसवा. कधी नव्हे ते गावानं माझं ऐकलं. पुढच्या लग्नात यादोराव नवरदेवाच्या मामाशेजारी बसून वेळेवर जेवले. मी खूश होऊन विचारलं, "जेवन बराबर झालं ना, मास्तर?"

"झालं, बापू. वाढनारे पोट्टे भात सांडून राहिले होते. तरी मले कोनी उठा, वाढा म्हनलं नाई."

त्यानंतर ते कुठल्याच लग्नाला आले नाहीत. घरी एकटेच, अगदी वेळेवर जेवायचे. मास्तरांचा जीव मी वाचवला, असं लोक म्हणतात. मला ते ऐकवत नाही.