टाचणीचा राग

माझ्या धाकट्या जावेला सगळे टाचणी म्हणतात. उंची माझ्या खांद्याइतकी, पण गॅरेजात हातोडा घेऊन गाड्यांचे पोचे काढायला लागली की गडीमाणसं बाजूला सरतात. रागही कायम नाकाच्या शेंड्यावर. माझा नवरा मला बडवायचा तेव्हा मध्ये पडायची तीच. मी नुसती मुळूमुळू रडायची.

तिच्या जनुकांत जन्मापासून दोष. त्यानेच उंची खुंटली, अंडाशयं कोरडी राहिली. कुणा अनोळखी बाईचं बीज घेतलं तेव्हा दिवस राहिले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "या दोषात हृदयाची मोठी रक्तवाहिनी नाजूक असते. रक्तदाब चढला तर फाटेल. तू जाशील, बाळही जाईल. हातोडा बंद, राग बंद."

"श्वास घेतलेला चालेल ना?" टाचणीने विचारलं.

मग ती गॅरेजात स्टुलावर बसून राहायची. माझ्या नवऱ्याला तेवढंच हवं होतं. एका दुपारी येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "ही उसनं अंडं उबवतेय. आमच्या घराण्याचं काय आहे त्यात?" त्याच्या धाकट्या भावाने, टाचणीच्या नवऱ्याने, त्याची कॉलर धरली, तर याने पान्हा उचलून त्याच्या तोंडावर हाणला. दात तुटले, शर्ट रक्ताने भिजला. तो आडवा पडला तरी लाथा चालूच. मग हा टाचणीकडे वळला.

ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. मानेची शीर थडथड उडत होती.

"जाऊबाई," ती हळू आवाजात म्हणाली, "मला आज रागावता येत नाही. तुम्ही रागवा."

त्याने पाय उचलला. तोच पाय. माझ्या पोटातलं त्याच पायाने गेलं होतं.

तिचा हातोडा फळीवर होता. मी तो त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडलं, ऐकू आलं. खाली पडला तसा मनगटावर घातला. तो गुरासारखा ओरडत होता आणि मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? टाचणी "बस" म्हणाली तेव्हा थांबले. तेव्हापासून मी तिच्याकडेच राहते.

मुलगी झाली. टाचणीही वाचली. बघायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, "कुणावर गेलीय गं?" टाचणी पोरीचं तोंड निरखत राहायची.

काल दुधाला उशीर झाला, तर पोरीने मूठ आवळून माझ्या नाकावर हाणली.

"आता कळलं," टाचणी म्हणाली. "जाऊबाई, ही तुमच्यावर गेलीय."