घुम्या रोज नऊला बोलायचा

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे घुम्या म्हणत. नाव आत्याने ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की शाळेतल्या बाईंनीही तेच उचललं. काही विचारलं की मान हलवायचा, फार झालं तर ‘बरं’. आठव्या वर्षी त्याला साखरेचा आजार निघाला. तेव्हापासून रोज इन्सुलिनचं इंजेक्शन. पहिली दोन वर्षं ते मी टोचायचे. त्याच्या तोंडून कधी ‘आई गं’ निघालं असेल तर शपथ.

अशा माणसाने प्रोग्रॅम लिहिण्याचं काम धरलं यात नवल काहीच नव्हतं. आमच्यापासून बसने सात तासांवर त्याची नोकरी, तिसऱ्या मजल्यावर एक खोली, टेबलावर दोन स्क्रीन आणि एकच खुर्ची. मी गेले की मला खुर्ची देऊन तो पलंगाच्या कडेला बसायचा.

माझा धंदा माणसं वाचण्याचा. नोकरीसाठी अर्ज केलेल्या डेव्हलपरांच्या सोशल मीडियावरच्या पोस्ट वाचायच्या आणि माणूस कसा असेल ते कंपनीला लिहून द्यायचं. तापट की सोशिक, चारचौघांत मिसळणारा की एककल्ली, ताण आला तर टिकेल की कोलमडेल. एका माणसाला दीड तास, अहवाल एक पान. नऊ वर्षांत हजारो माणसांवर मी शिक्के मारले, त्यातल्या एकाचंही तोंड न बघता. आणि मला वाटायचं, मला माणूस कळतो. उंटावरची शहाणी.

दीड वर्षापूर्वी घुम्या आठ दिवस घरी आला होता. एकदा जेवताना मी माझ्या कामाची फुशारकी मारत होते. सांगत होते की मध्यरात्रीनंतरच्या पोस्ट दिसल्या की मी सावध होते. ‘मी’, ‘मला’ फार आलं तर माणूस आतून खचलेला. रोज ठरल्या वेळी लिहिणारा शिस्तीचा. अधूनमधून दुसऱ्याचं कौतुक करणारा, स्वतःवर विनोद करणारा, तो हमखास धडधाकट.

घुम्याने चक्क घास थांबवला. “आणि कोणी मुद्दाम तसं लिहीत असेल तर?”

“चार दिवस लिहील. रोज उठून नाटक करायला कोणाला वेळ आहे?”

“बरं,” तो म्हणाला आणि पुन्हा जेवू लागला. त्याने माझ्या कामाबद्दल काही विचारलं, याचंच मला केवढं कौतुक.

महिन्याभरात त्याच्या पोस्ट रोज सकाळी नऊला येऊ लागल्या. त्याआधी तो मनाला येईल तेव्हा लिहायचा, तेही क्वचित. आता मात्र आमचा घुम्या फटाफट विनोद करायला लागला. स्वतःच्या चुकांवर, मीटिंगांवर, खोलीतल्या पंख्यावर. आठवड्यातून एकदा कोणा सहकाऱ्याची पाठ थोपटायचा. सुट्टीच्या दिवशी आभाळाचा फोटो. मी सुखावले. म्हटलं, पोरगं उशिरा का होईना, फुललं. सवयीने मी त्याचाही अहवाल मनात लिहून टाकला होता: स्थिर, खेळकर, ताण सहन करणारा.

आईला ते पटत नव्हतं. ती दर रविवारी त्याला फोन करायची. “त्याचा आवाज बसलाय गं. एकदा जाऊन ये ना.”

“आई, तू दोन मिनिटांच्या फोनवर जाऊ नकोस. माझ्याकडे त्याच्या दोनशे पोस्ट आहेत.”

“पोस्ट असतील. मी ‘जेवलास का’ म्हटलं की तो आधी गप्प बसतो, मग हो म्हणतो.”

“तो जन्मापासून गप्पच आहे.”

हे बोलणं निदान दहा रविवार झालं. दहाही वेळा मीच जिंकले. शेवटी तिने विषय काढणं सोडलं, आणि मी मनात म्हटलं, सुटले एकदाची.

एका गुरुवारी घरमालकाचा फोन आला. दार आतून बंद होतं, ते तोडावं लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, सोमवारी गेला असावा. साखर चढत गेली, बेशुद्ध झाला, संपलं. फ्रिजमध्ये न फोडलेल्या इंजेक्शनांचे सात खोके होते. “घ्यायचं विसरले असतील का?” डॉक्टरांनी विचारलं. एकवीस वर्षं रोज टोचून घेतलेला माणूस काय विसरणार? त्याने मुद्दाम थांबवलं की नुसता कंटाळला, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. आणि मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही सकाळी नऊला मी त्याचे विनोद वाचले होते. बुधवारचा तर ऑफिसात सगळ्यांना ऐकवला होता.

त्याच्या ऑफिसातला एक जण खोलीवर आला होता. त्याच्याकडून कळलं की घुम्याने आठ महिन्यांपूर्वीच नोकरी सोडली होती. त्यानेच लॅपटॉप उघडून दिला. आत एक छोटा प्रोग्रॅम होता. एका लांबलचक यादीतून तो रोज नऊला एक पोस्ट उचलून टाकायचा. यादीत अजून एकशे बारा शिल्लक होत्या. प्रोग्रॅम लिहिणारे स्वतःसाठी वरती चार ओळींची टीप ठेवतात, तशी यालाही होती. रात्री नको. ‘मी’ दोनदाच. आठवड्याला एक कौतुक. ताई बघते.

त्याच्या त्या एकुलत्या खुर्चीत मी बसले आणि मग मला रडू आवरेना. त्या माणसाने विचारलं, बंद करू का? मी हो म्हटलं.

दिवसकार्य होऊन गेल्यावर एका दुपारी आई माझ्यासमोर येऊन बसली. तिला सगळं सांगितलं होतं. ‘मी म्हणत नव्हते का’ हे शब्द तिने एकदाही काढले नाहीत. काढले असते तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “त्यातली त्याने खरोखर मनाने लिहिलेली एखादी असेल ना? ती वाचून दाखव.”

मी फोनवर त्याच्या पोस्ट उघडल्या. मला एकही ओळखता येईना. माझा हा धंदा, आणि सख्ख्या भावाची एक खरी ओळ मला सापडेना. शेवटी मी वरून वाचत सुटले.

“ही नाही,” आई म्हणायची. “पुढची.”

पंख्याची नाही. आभाळाची नाही. बुधवारची, जिला सगळं ऑफिस हसलं होतं, तीही नाही. वाचता वाचता मी नऊच्या पोस्ट मागे टाकून त्याच्या जुन्या पोस्टपर्यंत आले. एक दुपारी तीनची होती, तो घरी आला होता त्याच्या आठवडाभर आधीची. ‘आज दिवसभरात माझं फक्त कॉम्प्युटरशी बोलणं झालं. त्यानेही मला चुकाच दाखवल्या.’

“हा तो,” आई म्हणाली. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि त्या ओळींवरून बोट फिरवत विचारलं, “याच्याखाली हे पिवळं काय आहे?”

“हसरा चेहरा आहे.”

“कोणी टाकलाय?”

“मी,” मी म्हटलं.