मिटल्या ओठांचा रियाज

विद्यापीठाच्या संगीत विभागात एम.ए.ला माझं नाव लागलं तेव्हा पेणच्या आमच्या कारखान्यात गणपतींचा हंगाम ऐन भरात होता. वडिलांच्या हाताला तेव्हा कंप सुटायला लागला होता. मूर्तीचे डोळे रंगवायचे, म्हणजे आखणी करायची, तर हात दगडासारखा स्थिर लागतो. घरात तसा हात फक्त माझा होता.

वडील म्हणाले, "गाणं शिक. मी नाय म्हणत नाय. पण आखणी झाल्याबिगर माल हलायचा नाय."

मग मी सकाळच्या गाडीने मुंबईला तासाला जायची आणि परत येऊन कारखान्यात बसायची. मूर्ती घासल्याची पांढरी धूळ अंगावर, केसांत, चहाच्या कपात सगळीकडे असायची. पलीकडे भाऊ स्प्रे मारायचा. आखणी करताना श्वास रोखून धरावा लागतो, आणि सोडला की पुढचा श्वास त्याच हवेतला. हंगाम संपेपर्यंत माझा वरचा सा फाटायला लागला होता.

आमच्या गाण्याच्या बाई शांत स्वभावाच्या होत्या. तासानंतर त्यांनी मला थांबवून घेतलं. "घरी काय करतेस?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग राहायची जागा बदल. या गळ्याने तिथे राहून गाणं होणार नाही."

हॉस्टेलला जागा नव्हती. म्हणून मी रोह्याला आत्याकडे राहायला गेले. प्रवास वाढला, पण तिथे धूळ नव्हती. आत्याने मागची खोली दिली, तानपुरा ठेवायला कोपरा रिकामा केला. पहिल्या दिवशी मी षड्ज लावला आणि आत्या दारात आली. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू गो. हे नाइट करून आलेत."

आतोबा धाटावच्या कंपनीत होते. त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. ते रात्रपाळीला असले की दिवसा झोपायचे, सकाळपाळीला असले की संध्याकाळी लवकर झोपायचे. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात दुपार-संध्याकाळ मोकळी असायची, पण तेव्हा मी विद्यापीठात नाहीतर गाडीत. पत्र्याच्या छपराखाली दोनच खोल्या आणि मधली भिंत अर्धी. आतोबा एका शब्दाने कधी बोलले नाहीत. एखादा राग आळवत मी बसलेली असले की आतून फक्त त्यांच्या कूस बदलण्याचा आवाज यायचा आणि माझा आवाज आपोआप खाली यायचा.

म्हणून मी ओठ मिटून रियाज करायला लागले. आलाप, ताना, सगळं तोंडातल्या तोंडात. सूर अचूक लागायचे. वाटायचं, वेळ वाया जात नाही. रविवारी पेणला गेले की आई विचारायची, "गातेस ना गो तिथे?" मी "व्हय" म्हणायची, आणि ते खोटंही वाटत नसे.

शेवटच्या प्रात्यक्षिकाला बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले होते. विलंबित ख्याल सुरू केला आणि मलाच कळलं, आवाज दातांच्या पुढे येत नाहीये. तबलजी ठेका हलका करत गेला तरी मी त्याच्या खालीच राहिले. तानेसाठी तोंड उघडलं तर नुसती हवा आली. मी थांबले.

परीक्षकांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. "घरी कुठे गाता?"

"गात नाही. गुणगुणते."

"का?"

त्या "का"चं उत्तर द्यायचं तर कोणाकडे तरी बोट दाखवावं लागलं असतं. वडील, आतोबा, आत्या, सगळे डोळ्यांसमोरून गेले. मी पाणी प्यायले. परीक्षक म्हणाले, "सूर खरा आहे तुमचा. पण कोंडला आहे." मग त्यांनी मला पट्टी उतरवून गायला सांगितलं. काळी चारवरून पांढरी चारला आले आणि कशीबशी बंदिश पूर्ण केली. पास झाले, इतकंच.

पेणला येऊन वडिलांना सगळं सांगितलं. ते हातातली तुळतुळीत झालेली सोंड उगीच घासत राहिले. मग म्हणाले, "तू बोलली नायस कधी."

"बोलले असते तर काय केलं असतंत?"

खोटं बोलणं त्यांना जमत नाही. "आखणी तर करावीच लागली असती," ते म्हणाले.

मैफलीत गायचं राहून गेलं. आता मी रोह्यात मुलींना गाणं शिकवते. पट्टी अजून पांढरी चारच आहे. क्लासची खोली भाड्याने घेताना मी घरमालकांना आधी एकच विचारलं, शेजारी कोणी दिवसा झोपतं का. मुली पहिल्या दिवशी लाजून तोंडातच गातात, तेव्हा मी त्यांच्यावर गरजेपेक्षा जास्त ओरडते.

हंगामात मात्र दरवर्षी पेणला जावंच लागायचं. मास्क लावून आखणी करायची आणि मग महिनाभर गळा बसलेला असायचा. गेल्या वर्षी भावाच्या बायकोने आपणहून ब्रश मागितला. तिचा हात चांगला निघाला. यंदा तिने पहिल्यांदा एक मूर्ती पूर्ण आखली. वडिलांनी ती उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "चालंल." मला एकदम हलकं वाटलं.

वहिनी ब्रश धूत होती. माझ्याकडे न बघता हसून म्हणाली, "वन्स, तुम्ही सुटलात. आता मी अडकले."

मला हसता आलं नाही. दुपारची गाडी होती, तरी मी संध्याकाळपर्यंत थांबले आणि तिच्या शेजारी बसून उरलेल्या मूर्ती आखल्या.