दुपारची सुट्टी

आमच्या घरात पहिली पदवी माझी. त्यासाठी आईनंतर मी ज्यांचे उपकार मानते, ते छत्तीसगडहून आलेले एक मजूर होते. दोन हजार सालच्या सुमारास ते गोंदियाजवळच्या एका राइस मिलमध्ये बॉयलरला भुसा घालायला लागले.

आई त्याच मिलच्या पटांगणात होती. उकडलेलं धान सिमेंटवर पसरायचं आणि वाळेपर्यंत अनवाणी पायांनी फिरवत राहायचं, हे बायांचं काम. उन्हाळ्यात तिच्या तळव्यांना फोड यायचे. ते पाहून बॉयलरवरच्या त्या मजुराने सगळ्या बायांना गेटसमोर बसवलं. मागणी एकच: उन्हाळ्यात दुपारी सुट्टी, मजुरी न कापता.

"नेताजी, मराठी कधी शिकता जी?" आई चिडवायची. गेटसमोर बसल्यापासून सगळ्या बाया त्यांना नेताजीच म्हणत.

"दाई, मालिक को तो मेरी हिंदी भी समझ नहीं आती," ते हसून म्हणायचे. त्यांच्याकडे आईला दाई म्हणतात.

मालक नमला. बाया दुपारी कडुलिंबाखाली बसू लागल्या. पुढे याच बायांच्या मतांवर ते नगरसेवक झाले. बारावीनंतर आई मला मिलमध्येच नेणार होती. त्यांनी तिला समजावलं आणि प्रवेशासाठी स्वतः माझ्यासोबत कॉलेजात आले.

मी दुसऱ्या वर्षाला असताना मालकाने धान वाळवायचं मशीन बसवलं आणि पटांगणातल्या बायांना घरी बसवलं. नेताजी पुन्हा गेटसमोर बसले. या वेळी मालकाला घाई नव्हती. रोज बाया कमी होत गेल्या.

एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले. मान खाली घालून म्हणाले, "दाई, दुपार की छुट्टी छोड़ दें?"

"सोडून द्या. काम पाहिजे," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते आईला घेऊन मालकाकडे गेले. जी सुट्टी लढून मिळवली, ती परत करायला. मालक म्हणाला, "नेताजी, मशीन को धूप नहीं लगती."

पुढची निवडणूक ते हरले. 'बाहेरच्या माणसानं आपल्या बायांचं काम खाल्लं,' असं वस्तीत बोललं जायचं. बोलणाऱ्यांत मिलच्या बायाही होत्या.

गावी परत जाण्याआधी ते भेटायला आले. माझी पदवी झाली होती, नोकरी नव्हती. मी पेढा दिला. "कैसी हो, दाई?" त्यांनी विचारलं.

"आता दिवसभर सावलीतच बसून राहिलो आम्ही, नेताजी," आई म्हणाली.

या वेळी ते हसले नाहीत. अर्धा पेढा हातात तसाच धरून ते स्टेशनकडे चालत गेले.