बोटीवरून आलेली दोन हेल्मेटं

माझ्या नवऱ्याला डोकं झाकायची शिस्त बोटीने लावली. आखातात ये-जा करणाऱ्या तेलाच्या बोटीवर तो इंजिनरूममध्ये होता, आणि डोक्यावर कडक टोपी असल्याशिवाय तिथे आत पाऊल टाकू देत नसत. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाच्या एका रजेत तो लहान मुलांची दोन हेल्मेटं घेऊन आला. लाल आमच्या आठ वर्षांच्या मुलासाठी आणि पिवळं पाच वर्षांच्या मुलीसाठी. मुलीला अजून सायकल येतसुद्धा नव्हती. पण कुठल्याशा बंदरात त्याने पोरं हेल्मेट घालून सायकली फिरवताना पाहिली होती आणि ते त्याच्या मनाने घेतलं होतं. रत्नागिरीत तेव्हा मोटारसायकलवालेही उघड्या डोक्याने फिरत. रजा संपवून निघताना त्याने मला बजावलं, "पोरांची डोकी सांभाळ. बाकी घर कसं चालवायचं ते तुझं तू बघ."

घर चालवणं सोपं होतं हो. आमच्या दारातून मांडवीच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता म्हणजे नुसता उतार, आणि दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे दगडावर दगड रचलेल्या बुटक्या भिंती. त्या उतारावर ब्रेक दाबणारा पोरगा पोरांमध्ये पार हलका ठरायचा. माझा मुलगा पहिल्या दिवशी हेल्मेट घालून निघाला तर शेजारच्या काकू पडवीतून म्हणाल्या, "काय गो, पोराच्या डोक्यावर टोप कशाला पालथा घातलास?" संध्याकाळपर्यंत आळीतली सगळी पोरं त्याला 'टोप' म्हणू लागली. दुसऱ्या दिवसापासून हेल्मेट घालायची वेळ आली की त्याच्या पोटात दुखायचं. मी रागावले, लाडूचं आमिष दाखवलं, सायकलला कुलूप लावलं. नाकी नऊ आले. शेवटी बाबांची शपथ घातली, तेव्हा कुठे तो तयार झाला.

आता माझा शहाणपणा सांगते. बोटीवरून आलेली वस्तू आमच्याकडे वापरायची नसते, दाखवायची असते. प्रत्येक घरात काचेचं कपाट, त्यात परदेशी साबण वास उडून जाईपर्यंत तसेच, कपबशा खोक्यासकट. खुर्च्यांवरचं प्लास्टिक आम्ही वर्षानुवर्षं काढत नसू, उन्हाळ्यात पाठ चिकटली तरी. दुसऱ्यांच्या घरात मी याला हसायचे. पण लाल हेल्मेटावरचं पातळ प्लास्टिक मीही काढलं नाही. ते घालून मुलगा घामाघूम व्हायचा. रोज संध्याकाळी मी ते फडक्याने पुसून पिवळ्याच्या शेजारी कपाटात ठेवायचे, आणि आलेली बायामाणसं ते पाहून जायची.

एकदा तो घरी आला तर प्लास्टिक फाटलेलं आणि खाली लाल रंगावर बोटभर लांब ओरखडा. गडग्यावर काढून ठेवताना घसरलं म्हणाला. मी त्याला एक चापट मारली. "बाबा तिकडे मरमर मरतात, आणि तुला एक वस्तू धड जपता येत नाय?" तो रडला नाही. कोपऱ्यात जाऊन आपल्याच शर्टाच्या टोकाने तो ओरखडा पुसत बसला. पोराला वस्तूची किंमत कळली म्हणून मला समाधान वाटलं होतं. आज ते आठवलं की माझीच मला चीड येते.

त्यानंतर तो रोज न सांगता हेल्मेट घालून निघायला लागला. मी शेजारणींना सांगत सुटले की पोरं ऐकतात, आपल्याकडे नेट लागतो. दीडेक महिना गेला असेल. एका दुपारी लोकांनी त्याला रिक्षात घालून इस्पितळात नेलं. उतारावर सायकल घसरून डोकं गडग्यावर आपटलं होतं. त्याच्या बाजूलाच हेल्मेट पडलेलं लोकांना सापडलं, म्हणून सगळे एकच बोलत होते की बघा, घातलं होतं तरी निघालं डोक्यावरून.

तिसऱ्या दिवशी तो नीट बोलायला लागला. पहिली गोष्ट त्याने माझ्या कानाशी सांगितली. "आई, मी हँडलला अडकवलेलं. दारातून घालायचो, वळणावर काढायचो. परत खरचटलं तर तू मारशील म्हणून." मी त्याचा हात धरून बसून राहिले. त्याला उजव्या कानाने ऐकू येणार नाही हे तेव्हा अजून डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. फोन नाक्यावरच्या दुकानात होता. बाहेरून कुणाचाही फोन आला की दुकानातली माणसं गप्प होऊन ऐकायची, त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. त्या दिवशी सात-आठ जण तरी असतील, आणि प्रत्येकाला माझ्या घरातलं हेल्मेट ठाऊक होतं. अपघाताचं ऐकून तिकडून त्याने विचारलं, "हेल्मेट घातलं होतं ना त्याने?" खरं सांगितलं असतं तर का काढलं तेही सांगावं लागलं असतं. चारचौघांत माझी जीभ वळली नाही. मी म्हटलं, "होय, घातलं होतं."

तिकडच्या खरखरीतून तो म्हणाला, "मग फुकट गेलं ते. काय उपयोगाचं नाही."

पुढच्या रजेत हेच तो भेटेल त्याला सांगत होता. नाक्यावर, बंदरावर, पाहुण्यांत. त्याच्यासारखा बोटीवरचा माणूस सांगतो म्हटल्यावर कोण शंका घेणार? एका शेजाऱ्याने मस्कतहून मुलासाठी हेल्मेट मागवलं होतं, त्यानेही ते आता नको म्हणून कळवलं. मुलाला बाबांनी एकदाच विचारलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग म्हणाला, "होय बाबा, घातलं होतं." नऊ वर्षांच्या पोराला खोटं बोलायला मी शिकवलं, तेही तोंडाने एक शब्द न काढता. रोज रात्री ठरवायचे की उद्या नवऱ्याला सांगेन. रजा संपली आणि तो गेला.

त्याच्या पुढच्या वर्षी मुलगी सायकल शिकली. पाय पुरत नव्हते म्हणून सायकलच्या आडव्या नळीखालून एक पाय घालून चालवायची. ज्या दिवशी ती उताराला निघाली त्या दिवशी मी कपाटातून पिवळं हेल्मेट काढलं, त्यावरचं प्लास्टिक टराटरा फाडलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने हातही लावला नाही.

"दादाने घातलेलं, तरी त्याचं डोकं फुटलं. बाबांनीच सांगितलंय, काय उपयोगाचं नाय."

मुलगा पायरीवर बसला होता, डावा कान आमच्याकडे करून. तो माझ्याकडे बघत राहिला. मला एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ऐकायला आम्हा तिघांशिवाय कुणी नव्हतं. तरी मी बोलले नाही. मुलीने सायकल बाहेर काढली आणि उघड्या डोक्याने उताराला लागली.